खालचे स्वर जरा दबतात

दुकानाच्या मागच्या खोलीत बदक ओरडत होतं.

एकदा ओरडलं, थांबलं, पुन्हा ओरडलं — त्याच पट्टीत, तितकंच लांब. काउंटरवर चिटपाखरू नव्हतं. भिंतीवर ट्रम्पेट टांगलेले, काचेच्या कपाटात क्लॅरिनेट झोपलेले, आणि एका खुर्चीवर अर्धवट विणलेला स्वेटर. "कोणी आहे का?" असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर बदकानेच दिलं. मग मी सरळ पडदा सारला आणि आत गेले. ताटकळत उभं राहणं मला जमत नाही. हॉस्पिटलात दिवसभर दुसऱ्यांना ताटकळत ठेवते तेवढं पुरे.

आत उंच स्टुलावर एक माणूस बसला होता. कपाळावर घड्याळजी लावतात तसलं भिंग, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि तोंडात सॅक्सोफोनचा नुसता माउथपीस. वाद्य नाहीच, नुसतं टोक.

"बदक कुठाय?" मी विचारलं.

त्याने माउथपीस तोंडातून काढला, रुमालाने पुसला आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, "मीच."

"आवाज छान आहे."

"आभारी आहे. बहुतेक लोक कान झाकतात." आता तो हसला. आधी डोळे हसले, मग बऱ्याच वेळाने ओठ. "काय हवंय?"

"माउथपीस. आल्टो सॅक्सोफोनचा. वाद्याला जोडला तर माणसासारखा बोलेल असा."

"जुन्याला काय झालं?"

"जुन्याला काही नाही झालं. मला झालं."

आणि मी ओठ वर करून त्याला माझा पुढचा दात दाखवला. अनोळखी माणसाला दात दाखवायची ही पहिलीच वेळ. पण खरं सांगायचं तर तोवर तो तितकासा अनोळखी वाटेनासा झाला होता.

झालं होतं असं — मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तीन महिन्यांपूर्वी ऐंशी वर्षांच्या एका आजींना टेबलावर नीट झोपवत होते. आजींना वाटलं, मी त्यांना पाडतेय. त्यांनी कोपर असं काही फिरवलं की माझा वरचा पुढचा दात अर्धा उडाला. आजी ठणठणीत. मला टोपी बसवावी लागली. नवा दात दिसायला जुन्यापेक्षा देखणा, पण किंचित लांब. किती? सुईच्या टोकाएवढा. सॅक्सोफोन वाजवताना मात्र वरचे दात माउथपीसवर टेकतात आणि खालचा ओठ त्याच्या रीडला, म्हणजे वेताच्या पातळ जिभेला, आधार देतो. तिथे सुईच्या टोकाएवढं म्हणजे गावभर. नऊ वर्षं वापरलेला माझा माउथपीस एका दिवसात परका झाला. वरचे स्वर पातळ झाले, आणि ओठांच्या कडेने हवा फुस्स करून पळायला लागली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सवय होण्याची वाट पाहिली असती. पण रेडिओच्या वाद्यवृंदात आल्टोची जागा निघाली होती — सात वर्षांत पहिल्यांदा.

"ऑडिशन कधी?" त्याने विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी."

"म्हणजे अकरा दिवस."

"मोजून."

 त्याने खालचा खण ओढला आणि टेबलावरच्या हिरव्या कापडावर एकेक करून नऊ माउथपीस मांडले. बहुतेक काळे, एक पांढरा, एक पितळी. मग स्टूल फिरवून तो माझ्याकडे पाठ करून बसला.

"पाठ का?"

"चेहरा दिसला की कान लबाडी करतात. वाजवा."

मी वाजवलं. पहिला किरटा होता. दुसरा वाजायच्या आधीच दमला. तिसरा घशातून बोलणाऱ्या मास्तरांसारखा. असं करत नऊही संपले. तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "चौथा."

"चौथा काय?"

"तुम्हाला चौथा आवडलाय."

आवडला होता. पण लगेच हो म्हणायला मी काही दूधखुळी नाही. "कशावरून?"

"बाकीच्यांवर तुम्ही नुसते स्वर वर-खाली केलेत. चौथ्यावर अर्धं गाणं वाजवलंत आणि मग भानावर येऊन थांबलात." तो वळला. "पण त्याची उजवी कड डावीपेक्षा केसभर उंच आहे. रीड सरळ बसत नाही, म्हणून मधले स्वर खरखरतात. मी घासून देईन. फक्त एका दमात नाही. थोडं घासायचं, तुम्ही वाजवायचं, घरी नेऊन वाजवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. जास्त घासलं गेलं तर परत चिकटवता येत नाही."

"म्हणजे रोज यावं लागेल."

"लागेल."

"माझी ड्यूटी पाचला सुटते."

"दुकान सातला बंद होतं," तो म्हणाला, आणि उगाचच टेबलावरची कानस उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

तेवढ्यात पडदा सरकला. लोकरीचा गुंडा काखेत धरून एक बाई आत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, कापडावरच्या नऊ माउथपीसकडे पाहिलं.

"ही माझी ताई," तो म्हणाला. "दुकान तिचं. मी नुसता घासतो."

"सगळे याला डॉक्टर म्हणतात," ताई म्हणाल्या. "वाद्यांची ऑपरेशनं करतो ना!"

"आमच्या हॉस्पिटलात खरे बावीस आहेत," मी म्हटलं. "एकही वेळेवर येत नाही."

"हा येतो. याला जायला दुसरी जागाच नाही."

डॉक्टरांचे कान लाल झाले. मला आवडले ते लाल कान… तेव्हाच कळायला हवं होतं.

*

मंगळवारी त्याने मला खिडकीजवळ बसवलं आणि माझा दात तपासला. म्हणजे भिंग डोळ्यावर ओढलं, एक पातळ पट्टी माझ्या ओठांसमोर धरली आणि वाकला. दाताचा उतार किती, माउथपीस कुठे टेकतो, हे त्याला बघायचं होतं. मी तोंड उघडं ठेवून बसले. त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता आणि बोटांना घासलेल्या रबराचा. इतक्या जवळून माझा दात दंतवैद्याशिवाय कोणीही पाहिला नव्हता. बराच वेळ गेला. मग माझ्या लक्षात आलं — या माणसाने श्वासच घेतलेला नाही.

हे माझ्या रोजच्या कामातलं.

"सोडा आता श्वास," मी म्हटलं.

तो दचकून मागे सरला, भिंग कपाळावर गेलं. "सॉरी. सवय आहे. बारीक काम करताना—"

"मी रोज शंभर लोकांना सांगते. श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. इतका वेळ अजून कोणी धरला नव्हता."

"विक्रम म्हणून नोंदवून ठेवा."

"ठेवलाय," मी म्हटलं.

मग काम सुरू झालं. काचेच्या तुकड्यावर बारीक काचपेपर, त्यावर माउथपीस, आणि तीन बोटांनी अगदी हलकं ओढणं — सर्र… सर्र. चार वेळा ओढायचा, फुंकर मारायचा, उजेडात धरायचा. मी रीड बसवून वाजवायची, तो भिंतीकडे तोंड करून ऐकायचा. "अजून." सर्र… सर्र. "आता?" "मधला स्वर सुधारला." "मलाही तसंच वाटतं." साडेसहाला चहा व्हायचा. तो स्वतः करायचा.

"मला अठ्ठावीस वर्षांत याने पाणी दिलेलं आठवत नाही," ताई पडद्यापलीकडून म्हणायच्या. "तुम्हाला चहा मिळतो. वर दोनदा विचारून."

गुरुवारी मी त्याला विचारलं, "तुम्ही वाजवत का नाही?"

"वाजवतो की. एक स्वर."

"एकच?"

"दुसरा वाजवला की पहिला कसा होता ते विसरतो." मग जरा थांबून म्हणाला, "आधी वाजवायचो. मग लक्षात आलं, मला वाजवण्यापेक्षा ऐकण्यात जास्त गोडी आहे. दुसऱ्याचा आवाज त्याचा त्याला सापडतो ना… तो क्षण या खोलीत येतो. मी इथे बसलेला असतो. अजून काय पाहिजे?"

असं कोणी बोललं की मला साधारणपणे हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. घरी जाताना माझा बसस्टॉप मागे पडला, आणि ते मला पुढच्या स्टॉपवर कळलं.

शनिवारी पाऊस होता. सुटायचं नाव न घेणारा, कंटाळवाणा, बारीक. मी दुकानात शिरले, वाद्य जोडलं, चौथा माउथपीस लावला. त्याने दोनदा ओढून दिला आणि म्हणाला, "वाजवा."

मी सगळ्यात खालच्या स्वरापासून सुरुवात केली आणि वर गेले. वाटेत कुठेही खड्डा नाही. हवा पळत नव्हती. खालचे स्वर मांजर मांडीवर येऊन बसावं तसे बसत होते, वरचे न ओरडता पोचत होते. नवा दात, जुना ओठ, काळा माउथपीस — तिघांचं जमलं होतं. मी थांबले. भिंतीकडे तोंड केलेल्या त्या पाठीकडे पाहिलं. पाठ अगदी शांत होती.

काम झालं होतं. म्हणजे सोमवारी यायचं कारण संपलं होतं.

मी तशी धीट मुलगी आहे. वरिष्ठ डॉक्टरांना तोंडावर सांगते की तुमची चिठ्ठी तुम्हालाच वाचता येणार नाही. पण "मला सोमवारीही यायचंय" एवढे साधे शब्द माझ्या तोंडून निघेनात. निघालं ते भलतंच.

"खालचे स्वर… जरा दबतात."

तो वळला. "दबतात?"

"जरा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माउथपीसकडे. "बरं. आता नको घासायला. सोमवारी पुन्हा ऐकू."

माझं मन उडी मारून टेबलावर चढलं. सातला दुकान बंद झालं. ताई मागच्या दाराने घरी गेल्या आणि आम्ही दोघं पुढच्या पत्र्याखाली उभे राहिलो. छत्री एकच, त्याची. त्याने ती उघडली आणि माझ्या हातातल्या सॅक्सोफोनच्या पेटीवर धरली.

"अहो, मी भिजतेय!"

"तुम्ही वाळाल," तो म्हणाला. "याच्या झाकणांखालच्या चामड्याच्या गाद्या वाळत नाहीत."

"इतकी काळजी?"

"वाद्याची."

"हो ना. वाद्याचीच."

आम्ही स्टॉपपर्यंत चालत गेलो. मध्ये पेटी, पेटीवर छत्री, दोन्ही बाजूंना ओली माणसं. बस आली तेव्हा त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब लोंबकळत होता. तो पुसायचा मोह मी कसा आवरला, माझं मला माहीत.

*

माझी आई शिवणकाम करते. मी आतल्या खोलीत वाजवते, ती बाहेर मशीन चालवते. तिला सुरांतलं काही कळत नाही असं ती म्हणते. पण माझा स्वर पातळ पडला की मशीन थांबतं. गेले तीन महिने मशीन सारखं थांबत होतं. रविवारी मी दीड तास वाजवलं आणि मशीन एकदाही थांबलं नाही. आईचे तीन अभ्रे शिवून झाले.

"झालं की तुझं," ती दोरा तोडत म्हणाली. "आता कशाला जातेस तिकडे?"

"थोडं बाकी आहे."

"कशाचं?"

"खालचे स्वर जरा दबतात."

आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हो का? दिसायला कसे आहेत?"

"कोण?"

"खालचे स्वर."

सोमवारी मी ठरवून गेले होते की आज खरं सांगायचं. त्याने माउथपीस हातात घेतला, नखावर फिरवला, बाजूला ठेवला. "आधी चहा घेऊ." मग आम्ही बोलतच बसलो. लहानपणी तो वडिलांच्या बाकाखाली बसून स्क्रू वेगळे करायचा, हे त्याने सांगितलं. छातीच्या एक्स-रेमध्ये मला माणसं घाबरलेली कशी ओळखू येतात, हे मी सांगितलं. घाबरलेल्यांचे खांदे वर असतात. सात वाजले. "अजून दबतात का?" त्याने दारात विचारलं.

"…जरा."

मंगळवारीही तेच. चहा, गप्पा, आणि "जरा".

बुधवारी मात्र त्याने चहा ठेवला नाही. मी आल्या आल्या त्याने विचारलं, "खरंच दबतात?"

त्याच वेळी सांगायचं होतं. पण ताई पडद्यापाशी उभ्या होत्या, त्याच्या हातात माउथपीस होता, आणि मी इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं — "हो, जरा."

"मग आज करून टाकू. परवा शुक्रवार आहे."

त्याने कानस घेतली. काचपेपर नाही, कानस. टोकाजवळ तीन वेळा फिरवली. मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं आणि तोवर तो फुंकर मारून म्हणाला, "बघा."

मी वाजवलं. खालचा स्वर फाटला. नुसता फाटला नाही, किंचाळला. मी पुन्हा फुंकलं. पुन्हा किंचाळला. त्याने माउथपीस काढून घेतला, दुसरी कड दोनदा ओढली, परत लावला. आता मधले स्वरही गेले. त्याने पातळ पट्ट्या काढून फट मोजली, पुन्हा मोजली. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"गेला," तो म्हणाला. "टोकाशी जास्त गेलं. हा आता नाही परत येणार. पण असं कसं… तू म्हणालीस ना खालचे दबतात? तू नक्की ऐकलं होतंस ना?"

तू. पहिल्यांदाच. घाबरून निसटलेला तो 'तू' माझ्या काळजात जाऊन बसला, आणि त्याच काळजातून मला खरं बाहेर काढावं लागलं.

"नव्हते दबत," मी म्हटलं. "शनिवारीच तो पूर्ण बरोबर झाला होता. मी खोटं बोलले."

 पडद्यापाशी ताई होत्या, त्या पाऊल न वाजवता निघून गेल्या.

"का?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. पण चेहरा मऊ झाला नाही.

"शनिवारी मलाही तो बरोबर वाटला होता," तो हळू म्हणाला. "आयुष्यात इतका बरोबर मी क्वचित ऐकलाय. तरी तुम्ही म्हणालात दबतात, म्हणून मी माझे कान खोटे ठरवले. म्हटलं, तुमचे कान माझ्यापेक्षा तिखट असतील. बाकी काहीही खोटं बोला. माझ्या हातात कानस असताना नको."

तुम्ही. तो 'तुम्ही' त्या फाटक्या स्वरापेक्षा जास्त लागला.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "सबब नाही सांगत."

मी पेटी बंद केली आणि बाहेर पडले. स्टॉपवर उभी असताना रडू आलं, बस येईपर्यंत रडून घेतलं. बसमध्ये चढल्यावर डोळे पुसले आणि स्वतःला म्हटलं — दोन गोष्टी बिघडल्यात, दोन्ही आपण बिघडवल्यात. एक तरी उद्या नीट करता येईल.

*

गुरुवारी मी दुपारच्या सुट्टीत दुकानात गेले. ताई काउंटरवर विणत होत्या.

"शिकाऊ लोकांना वाद्यासोबत देतात ना, ते साधे माउथपीस असतील?"

"भरपूर." त्यांनी पुठ्ठ्याचं खोकं माझ्यासमोर सरकवलं. कशासाठी, असं विचारलं नाही. फक्त आतल्या खोलीकडे मान करून म्हणाल्या, "सकाळी आठपासून आत आहे. डबाही उघडला नाही."

मी काउंटरवरच सॅक्सोफोन जोडला. खोक्यात पंधरा-सोळा होते, सगळे एकाच साच्यातले, प्लास्टिकचे, कोणाच्याही हातचे नसलेले. पण गेल्या दहा दिवसांत मी एक गोष्ट शिकले होते — कुठे ऐकायचं. आधी मधला स्वर. मग खालचा, अगदी हळू फुंकून. मग वरचा, जोर न लावता. पहिला, बाद. दुसरा, बाद. सातव्यावर मी थांबले. त्यात काही थोरपण नव्हतं. तो मला अडवत नव्हता, इतकंच. माझा आवाज माझ्याच तोंडून येत होता, मधलं कोणी काही मिसळत नव्हतं.

पडदा सरकला. तो उभा होता, डोळे तांबारलेले, हातात एक काळा माउथपीस. चकचकीत, नव्याने घासलेला.

"हा बघा," तो म्हणाला. "सकाळपासून केलाय. चौथ्याच्या मापाने. जवळपास तोच आहे." मग जरा थांबून, "पण आज खरं सांगा."

मी तो लावला. तो भिंतीकडे वळला. मी वाजवलं… सुंदर होता. गोल, खोल, मधाळ आवाज. त्याने सहा तास घालवले होते, जेवलाही नव्हता. त्याची ती पाठ. मला हो म्हणायचं होतं. किती सोपं होतं हो म्हणणं! त्याला बरं वाटलं असतं, सगळं परत गोड झालं असतं.

"नाही," मी म्हटलं.

पाठ हलली नाही.

"छान आहे, पण माझा नाही. वरचे स्वर तुमच्या मनासारखे आहेत. गोड. मला ते तिथे थोडे उघडे लागतात. या खोक्यातला सातवा बरा आहे. उद्या मी तो वाजवणार."

 तो वळला, आणि ते हसू — आधी डोळ्यांत, मग बऱ्याच वेळाने ओठांवर.

"बरोबर," तो म्हणाला. "मलाही तसंच ऐकू आलं."

"मग दिलात कशाला?"

"तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं होतं."

ताईंनी विणकामाच्या सुया खाली ठेवल्या. "झालं का दोघांचं? मग त्याला सांगा डबा खायला. माझं तो ऐकत नाही."

"डबा खा," मी म्हटलं.

त्याने खाल्ला.

*

रेडिओच्या इमारतीत ऑडिशन तिसऱ्या मजल्यावर होती. आम्ही आठजण. चिठ्ठ्या काढून क्रमांक दिले, माझा सहावा आला. परीक्षक पडद्याआड बसलेले. त्यांना आम्ही दिसत नव्हतो, आमची नावंही माहीत नव्हती. मी उभी राहिले, वरचे दात प्लास्टिकवर टेकवले आणि हात थरथरत नाहीत याची मलाच गंमत वाटली. माझ्याकडे प्लास्टिकचा एक साधा तुकडा होता, नऊ वर्षांचा रियाज होता, आणि आपला आवाज आपल्याला ओळखू येतो याची खात्री होती. मी वाजवलं. एका जागी बोट घसरलं. मी तशीच पुढे गेले. शेवटचा लांब स्वर मी मनात धरला होता त्यापेक्षा जास्त वेळ धरला, कारण तो सोडवेना.

आठही संपल्यावर कारकून म्हणाले, "तासाभरात निकाल. खाली थांबा."

जिन्याच्या पहिल्याच वळणावर, पायरीवर, तो बसला होता. डोक्यावर हवा खेळायची उघडी झडप होती. वरच्या हॉलमधलं सगळं तिथे ऐकू येत असणार.

"दुकान?" मी विचारलं.

"ताई आहे."

"कधीपासून बसलायत?"

"पहिल्यापासून. आठही ऐकले." त्याने वर पाहिलं. "सहावी तू."

मी त्याच्या शेजारी बसले. पायरी गार होती. "कशी होते?"

"पाचव्याचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा होता. आठव्याची बोटं जास्त चपळ." हा माणूस खरं बोलायचं ठरवलं की असं बोलतो. "पण बाकीच्यांच्या वेळी मी रीड कुठे बसलीय, कड कुठे चुकलीय, हेच शोधत होतो. तू सुरू केलंस आणि… मला काहीच सुचलं नाही. नुसता ऐकत बसलो. असं माझं होत नाही."

खाली कुणीतरी दार लावलं. आवाज जिन्यातून वर आला आणि विरला.

"मला एक सांगायचंय," मी म्हटलं. "खरं आहे, त्यामुळे नीट ऐक. मला रोज यायचं होतं ते दातासाठी नव्हे, माउथपीससाठीही नव्हे. तुझ्यासाठी. अजूनही यायचंय. तू मला आवडतोस."

त्याने मान तिरकी केली.

"ऐकू आलं का?"

"आलं. पण पुन्हा म्हण."

"का?"

"मी कुठलीही गोष्ट एकदा ऐकून पास करत नाही."

मी पुन्हा म्हटलं. जरा मोठ्याने. जिन्यावरून उतरणारा आठवा उमेदवार आमच्या डोक्यावर येऊन थांबला. "मलाही ऐकू आलं हो," तो म्हणाला, आणि पेटी सांभाळत आमच्या दोघांमधून वाट काढून खाली गेला.

आम्ही हसलो. मग त्याने माझा हात हातात घेतला. त्याची बोटं खरखरीत होती. काचपेपरने झालेली, अगदी कोरडी, उबदार.

"आता माझं ऐक," तो म्हणाला. "सोमवारी आणि मंगळवारी मी कानस हातात घेतली नाही. तुला वाटलं असेल, विचार करतोय. विचार नव्हतो करत. काम संपलं की तू यायची बंद होशील, म्हणून चहा करत होतो. बुधवारी भीती वाटली की माझ्या चालढकलीपायी तुझी जागा जाईल. बुधवारी तुला बोललो ना… त्यातलं निम्मं माझं मलाच होतं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते तुलाच होतं," तो म्हणाला. "ते मागे घेणार नाही."

"घेऊ नकोस," मी म्हटलं. "आणि दुसरं काही सांगायचंय?"

"आवडतेस," तो म्हणाला. एवढंच. पण इतक्या खालच्या सुरात आणि इतकं स्वच्छ, की मला तो शब्द पुन्हा ऐकायचं कारणच उरलं नाही. तरी मी म्हटलं, "पुन्हा म्हण." त्याने म्हटलं.

वरून कारकुनांचा आवाज आला. काहीतरी क्रमांक. मला कळलंच नाही.

"सहा म्हणाले," तो म्हणाला.

"नक्की?"

"ऐकण्यात माझी चूक होत नाही. जा."

मी तीन-तीन पायऱ्या चढत वर गेले. कारकुनांनी कागद पुढे केला. सहा महिने तात्पुरती नेमणूक, नंतर कायम, इथे सही. मी पेन घेतलं. ऑडिशनमध्ये दगडासारखा राहिलेला हात आता लटलटत होता. कारकून माझ्या हाताकडे बघू लागले, तेव्हा मी त्यांना बजावून सांगितलं, "हे नोकरीमुळे नाही हं."

"ज्यामुळे असेल त्यामुळे असो, बाई," ते म्हणाले. "सही तेवढी चौकटीत करा."